आडोशाची गोष्ट

आमच्या कौंडण्यपुरात गुपित म्हणून काही टिकत नाही, आणि याचा सगळ्यांत जुना पुरावा खुद्द रुक्मिणीमातेचा आहे. बिचारीनं द्वारकेला निरोप धाडला तो किती जपून! भाऊ रुक्मी विरोधात, शिशुपालाशी लग्न ठरलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. त्या गर्दीतून तिनं एक भरवशाचा ब्राह्मण हेरला आणि मनातलं सगळं त्याच्या हवाली केलं. भागवताच्या दहाव्या स्कंधात तो निरोप सात श्लोकांचा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन, तिथं गाठा, असं ठिकाण आणि वेळेसकट चोख कळवलेलं. बाईमाणसानं स्वतः ठरवून दिलेली पहिली अपॉइंटमेंट आपल्या गावची, असं मी शाळेत मुलांना सांगते. पण त्या गुपिताचं पुढं काय झालं? एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीत बसून त्यावर अख्खा ग्रंथ पुरा केला, आणि आता सप्ताहात कथेकरीबुवा तो निरोप लाउडस्पीकरवरून असा सांगतात की वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, स्पष्ट ऐकू जातो.

रुक्मिणीची ही गत, तर माझ्यासारख्या प्राथमिक मास्तरणीची तपासणी किती तास गुपित राहणार?

तपासणी म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची. घाबरू नका, मला काही झालेलं नव्हतं. काही झालेलं नसतानाच करायची असते ती, आणि तिथंच सगळी पंचाईत आहे. आजारी बाईला दवाखान्यात जायला घर परवानगी देतं. धडधाकट बाई दवाखान्यात निघाली की तिला कारण द्यावं लागतं. एसटीत तिकिटाआधी कारण विचारतात. “काऊन वो मॅडम, कुठी चालल्या?” दुखणं सांगितलं तर औषध सांगतात, दुखणं नाही म्हटलं तर संशय घेतात.

सरकारचं म्हणणं तसं सरळ आहे. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं आराखडा काढला की तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी एकदा व्हावी. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, तर देशभरात ‘हो, एकदा तरी केली’ म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणी काय आळशी आहेत? पहाटे उठून पाणी भरून, भाकऱ्या थापून कापूस वेचायला जाणारी बाई आळशी? पुष्कळ ठिकाणी सोयच नाही, हे झालंच. पण सोय दाराशी आली तरी आम्ही का कचरतो, असं विचारलं की सगळे एकाच शब्दावर थांबतात. लाज. मला हा शब्द पुरेसा वाटत नाही. याच आम्ही बायका सुईणीपुढं, नर्सपुढं बाळंत झालो. नदीवर उघड्यावर न्हालो. शरीर कुणी पाहिलं म्हणून मरावं इतक्या नाजूक आम्ही कधीच नव्हतो. मग आम्ही लपवतो ते नेमकं काय, आणि कुणापासून?

हा प्रश्न मला आमच्या ओसरीवर पडला. आशाताई फॉर्म भरायला आली होती. आशाताई म्हणजे गावचीच सून. ती त्याच गावात राहणारी असावी असा नियमच आहे. योजना आखणाऱ्यांनी विचार केला असणार, ओळखीची बाई असली म्हणजे बायका मोकळेपणानं बोलतील. या थोर माणसांनी ओळखीच्या बाईशी मोकळेपणानं बोलून पाहिलेलं नसावं. तर ती आली. बाजेवर सासूबाई, खुर्चीत मामंजींच्या जागी दीर पेपर वाचत, पायरीवर शेजारच्या काकू तुरीच्या शेंगा सोलत. तिनं टेप काढली आणि माझी कंबर मोजली. फॉर्ममध्ये कंबरेला गुण असतात. बायकांसाठी ऐंशी सेंटिमीटरपर्यंत शून्य, नव्वदपर्यंत एक, नव्वदच्या वर दोन. “दोन!” ती म्हणाली. गणितात मला इतक्या मोठ्यानं कधी कुणी गुण दिले नव्हते. मग “काकू, खर्रा खाता का?” वगैरे झालं. तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. पण फॉर्ममध्ये पुढं बायकांचे खास प्रश्न असतात, दोन पाळ्यांच्या मधे अंगावर जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, वास येतो का. तिथं आल्यावर तिनं शहाणपणानं आवाज खाली आणला. आणि आवाज खाली येताच अख्खी ओसरी ऐकू लागली! दिरांच्या पेपरचं पान उलटायचं थांबलं. शेंगा सोलायच्या थांबल्या. मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी देऊन टाकलं, “तिले काई नाई वो माय. धट्टीकट्टी हाये.” आशाताईनं चारही प्रश्नांपुढं ‘नाही’ लिहिलं. माझ्या शरीराविषयीचा तो सरकारी कागद, आणि त्यावर माझा एक शब्द नाही.

आशाताईला दोष देण्यात अर्थ नाही. आत बोलवावं तर चहा करावा लागतो, आणि शंभर घरांचे शंभर चहा घेऊन ती बाई स्वतःच रुग्णालयात जायची.

मी पुण्याला मुलीला फोन केला. ती भडकली. “आई, ही तुझी प्रायव्हसी आहे! तुला अधिकार आहे!” अधिकार आहे हे खरंच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तसं सांगितलं. फक्त नवांपैकी एकही त्या दिवशी आमच्या ओसरीवर नव्हते. मी मात्र त्या शब्दाला मराठी काय, या विचारात पडले. मास्तरणीला दुसरं काय सुचणार? ‘खासगी’ म्हणावं तर तो राजेरजवाड्यांचा शब्द. होळकरांकडे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाला खासगी म्हणत, अहिल्याबाईंनी देवळं, घाट बांधले ते त्यातून. ज्याच्याकडे स्वतःची मिळकत, त्यालाच खासगी. ‘एकांत’ म्हणावं तर तो साधूंचा नाहीतर नव्या जोडप्यांचा. बायकांच्या तोंडी जो शब्द खराखुरा आहे तो एकच, आडोसा. दोन तुराट्या उभ्या केल्या, वर जुनं लुगडं टाकलं, झाला आडोसा. तो मागावा लागत नाही, सोबतची बाई पदर धरून उभी राहते. आडोशात आणि गुपितात फरक आहे. आडोशाच्या आत बाई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिकडे कुणी पाहायचं नाही, एवढंच ठरलेलं असतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, तू आधी तारीख घे.”

तारीख घेतली. मग तयारी. नर्सबाईंनी फोनवर सूचना दिल्या. पाळीच्या दिवसांत येऊ नये. दोन दिवस आधीपासून आतून औषध लावू नये, आत धुऊ नये. आणि दोन दिवस नवराबायकोनं दूर राहावं. हे ऐकताना मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सोयाबीनच्या भावाचं पान वाचत होते. सूचना पाळण्यात अडचण येईल असं काही दिसलं नाही.

कपड्यांचा प्रश्न मोठा. मुलीचा सल्ला सलवार-कुर्त्याचा, कारण ‘सुटसुटीत’. अगं पण सलवार उतरवली की उरलं काय? गोल साडीचं तसं नाही. साडी फक्त वर सरकते, खाली काहीच उतरत नाही, आणि काम झालं की पडदा पडल्यासारखी जागेवर येते. या तपासणीसाठी जगातला सगळ्यांत योग्य पोशाख पाचवारी साडी आहे, हे एखाद्या मोठ्या डॉक्टरनं छापायला हवं होतं. नऊवारीवाल्यांचे मात्र हाल. काष्टा सोडायचा, पुन्हा घालायचा, तोवर नंबर निघून जातो.

जायचं कुठं, हाही विचार झाला. अमरावतीला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, त्याला लोक अजून ‘डफरीन’ म्हणतात. लेडी डफरीनबाईंचा निधी १८८५ सालचा, हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्या हातून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून काढलेला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, भाषण देऊन सांगत होत्या की या देशात स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून मी अमेरिकेला चालले. बायका पुरुष डॉक्टरांपुढं दुखणं काढत नाहीत आणि तशाच मरतात, हे तेव्हाही ठाऊक होतं. आता २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खासगी शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदच आहे, पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सोबत बाई हजर पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा डॉक्टरांकडून मला धास्ती नव्हतीच. पण पन्नाशीची बाई डफरीनच्या फाटकात दिसली की पहिला प्रश्न, “कोणाची सून बाळंत झाली?” आणि सून नाही म्हटलं की तर्क सुरू. शहरातल्या बाईला भीती अनोळखी माणसांची. आम्हाला भीती ओळखीच्यांची, आणि आमच्या मुलखात अनोळखी माणूस शोधूनही सापडत नाही. म्हणून मी जवळचं आरोग्य केंद्र धरलं. निदान पाळत ठेवणारे तरी नेहमीचे.

तयारीच्या आठवड्यात मी या तपासणीचा इतिहास वाचला, आणि वाचून चकित झाले. सगळी विद्या स्वयंपाकघरातून आलेली! तपासायचं जे उपकरण, बदकाच्या चोचीसारखं, त्याचा आजचा अवतार अमेरिकेतल्या सिम्स नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा वापरला तो चमचा वाकवून. आपल्याकडे खेडोपाडी जी तपासणी करतात तिच्यात गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे लोणच्यात घालतो ते व्हिनेगरच म्हणा. मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडत असतील तर तिथं पांढरा डाग उमटतो. डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढं नीट तपासायला हवं इतकंच. काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची ती दुसरी, पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरची. त्यानं न्यूयॉर्कला राहून ती बसवली, १९४३ साली तिच्यावर पुस्तक काढलं. आणि नमुने कुणाचे? त्याच्या बायकोचे. वर्षानुवर्षं ती बाई नवऱ्याला नमुने देत राहिली. संसारात नवऱ्याला हातभार लावणं म्हणजे काय, याची हद्द झाली! पण तिनं निदान होकार दिला होता. सिम्सचा तो वाकवलेला चमचा ज्यांच्यावर चालला त्या अलाबामातल्या गुलाम बायका होत्या. १८४५ नंतरची चार वर्षं त्यानं त्यांच्यावर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यांतली तीन नावं उरली आहेत. न्यूयॉर्कमधला त्याचा पुतळा लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०१८ साली हलवला. माझ्या आडोशाची काळजी करताना मला या तिघी सारख्या आठवत राहिल्या. त्यांना पडदा कुणी धरला असेल?

इथवर हसत लिहिलं. आता एक गोष्ट सांगते ती हसण्यासारखी नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. घर त्यांच्या जिवावर चाललेलं. त्यांची पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. कुणाला बोलल्या नाहीत. पहाटे सगळे झोपेत असताना नदीवर जाऊन कापडं धुऊन यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “काई नाई, उष्णता हाये,” आणि सब्जा भिजवून प्यायच्या. घरात आम्ही तीन बायका, तिघींची बाज एका खोलीत, आणि त्यांनी वर्षभर पत्ता लागू दिला नाही. इतकं गुपित या गावात दुसऱ्या कुणाला राखता आलं नसेल. पाय सुजले, कंबर धरली, तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टरांनी दिरांना बाहेर बोलावून सांगितलं. जाऊबाई सात महिने राहिल्या. तेवढ्यातही मला जवळ घेऊन त्या एकच सांगायच्या, “कोणाले सांगजो नको.” मी सांगितलं नाही.

त्यांच्या तेरवीला अंगणात पंगत बसली होती. बायका वाढत होत्या, पुरुष जेवत होते, आणि बोलणं चाललं होतं ते त्याच विषयाचं. कधीपासून जात होतं, किती जात होतं, वास कसा होता, नागपूरच्या डॉक्टरनं कुठं काय घातलं. जी गोष्ट त्यांनी सख्ख्या जावेला सांगितली नाही ती भाताच्या पातेल्याबरोबर पंगतीतून फिरत होती. वाईट मनानं कुणी बोलत नव्हतं. हळहळतच होते सगळे. आणि मी हातात वरणाची बादली घेऊन उभी. मला वाटलं, अहो, ज्याच्यासाठी या बाईनं जीव दिला ते तर इतकंसुद्धा टिकलं नाही!

तेव्हापासून मला गुपिताचा राग आहे. आडोशाचा नाही. जाऊबाईंना आडोसा मिळाला असता, दार लावलेली एक खोली, एक परकी नर्स, आणि बाहेर कुणी विचारणार नाही अशी खात्री, तर त्यांना गुपिताची गरज पडली नसती. आडोसा नाही म्हणून बाई गुपित करते. मग गुपित सगळ्यांपासून राखता राखता ती ते स्वतःपासूनही राखायला लागते. उष्णता आहे, असं त्या आम्हाला सांगत होत्या की स्वतःला, हे मला अजून सुटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात सांगायला लाजायचं, दुखणंच ना? पण हे दुखणं तापासारखं नाही. रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरनं १८४२ साली व्हेरोना गावच्या मृत्यूच्या नोंदी चाळून दाखवलं की हा रोग लग्न झालेल्या बायकांत होतो, मठातल्या जोगिणींत क्वचित. पुढं १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी त्यामागचा विषाणू दाखवला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. झालं! विज्ञानानं कारण सांगितलं आणि समाजानं चारित्र्य ऐकलं. आता या विषाणूची चाचणी निघाली आहे, फार चांगली आहे, नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो म्हणजे चोचीचंही भय नाही. पण निकालाचा कागद घरी आला की पहिला प्रश्न येणार, “हे कुठून आणलं?” वास्तविक हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार केलेल्या बहुतेकांना कधी ना कधी भेटून जातो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो, थोड्याजणींत ठाण मांडतो, आणि मांडलं तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तेव्हा कुणाकडून, कधी आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि तो पुरुषाच्याही अंगात राहतो. पण पुरुषाला ओसरीवर बसवून, टेप काढून, आवाज खाली आणून कुणी काही विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. २०२२ च्या नवरात्रात आपल्या सरकारनं बायकांच्या तपासणीची मोहीम काढली तिचं नाव ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. मोहीम चांगलीच होती. पण नाव वाचून मला हसू आलं. ‘माता सुरक्षित तर माता सुरक्षित’ एवढ्यावर भागलं नसतं का? बाईचा जीव वाचवायचा तरी घराच्या नावानं अर्ज करावा लागतो.

या नवरात्राच्या निमित्तानंच मला एक गोष्ट सुचली. रुक्मिणी अंबिकेच्या देवळात गेली ती एकटी नव्हती. सोबत आईच्या वयाच्या बायका होत्या, मैत्रिणी होत्या, शिपाई होते, वाजंत्री होती. ज्या कामासाठी ती गेली ते पृथ्वीवरचं सगळ्यांत खासगी काम, आणि गेली वाजतगाजत! गर्दीत असल्यामुळेच कुणाला संशय आला नाही. एकटी चोरून निघाली असती तर वेशीवर धरली असती.

मग मला वाचलेलं आठवलं. आपल्या राज्यात हे होऊन गेलं आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतून, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, १९९९ पासून एक लाख तीस हजारांवर बायका एका मोठ्या अभ्यासात घेतल्या होत्या. त्यांची गावोगाव वाटणी करून तऱ्हेतऱ्हेच्या तपासण्या ताडून पाहिल्या. २००९ साली निकाल आला की त्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा रुग्णालयानं तेच व्हिनेगरचं काम दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं, दर दोन वर्षांनी. तिथं मृत्यू एकतीस टक्क्यांनी उतरले, हे २०१३ साली जाहीर झालं. आकडे मोठे आहेत, पण मला त्यात दिसतात त्या वस्तीच्या वस्ती निघालेल्या बायका. एकीला बोलावलं असतं तर चर्चा झाली असती. सगळ्याच निघाल्या तर बोलायला मागं राहतं कोण?

मी आमच्या भजनी मंडळात विषय काढला. अकरा जणी आहोत. पहिल्यांदा सगळ्या पदरात हसल्या. मग एकीनं विचारलं, दुखतं का? दुसरीनं विचारलं, पैसे किती? तिसरीनं विचारलं, “घरी काय सांगावं?” मी म्हटलं, मंडळ चाललं आहे म्हणून सांगा. खोटं नव्हतं. आषाढीला आमच्या गावची रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, तेव्हा सून कुठं निघाली असं कुणी विचारत नाही. अकरा जणी मिळून निघाल्या की ती दिंडी होते.

काळीपिवळी ठरवली. रस्त्यात एका फाट्यावर ओळखीचे आजोबा हात करून विचारते झाले, “कोण्या देवाले चालल्या वो साऱ्या?” आमच्या टाळवालीनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “पिशवीच्या!” आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. आजोबांना बाजाराची वाटली. “मंग माह्यासाठी वांगे आणजा,” म्हणाले.

केंद्रातला पडदा फुलाफुलांचा होता आणि धुऊन आटला असावा, गुडघ्याच्या वरच संपत होता. त्यामुळे आत कोण आहे ते चपलांवरून बाहेर कळे. नर्सबाईंना सांगितलं तर त्यांनी खाली एक चादर बांधली, आणि एकीला नुसतं पाठ करून दाराशी उभं केलं. झाला आडोसा. मग माझा नंबर. “ताई, अंग सैल सोडा,” नर्सबाई म्हणाल्या. लहानपणापासून अंग आवरून बस, पाय जवळ घे, हेच ऐकलेलं. सैल सोडायला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. थंडगार लागलं, थोडं ओढल्यासारखं झालं, दुखलं म्हणावं असं नाही. व्हिनेगर लावून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. मी छताच्या पंख्याकडे बघत होते. पहाटे नदीवर किती थंडी वाजत असेल, असं काहीतरी मनात येत होतं. “काही नाही, चांगलं आहे,” त्या वाकून माझ्या कानात म्हणाल्या. मी बाहेर आले. सगळ्यांना तोंडावरून कळलंच, विचारावं लागलं नाही.

नऊ जणी अशा आल्या. दहावी आत जरा जास्त वेळ थांबली. बाहेर आली ती तिच्या हातात चौघडी घातलेली एक चिठ्ठी होती. अमरावतीला पुढच्या तपासणीसाठी बोलावल्याची असणार, पण तिनं सांगितलं नाही. अकरावीचं आटोपलं आणि आम्ही गाडीत बसलो.

आमचं मंडळ कसं आहे ते मी सांगितलंच. कुणाच्या सुनेला किती महिने झाले, कुणाच्या जावयानं किती हुंडा मागितला, कुणाचं कर्ज किती थकलं, सगळं या अकरा जणींना तोंडपाठ. त्या दिवशी मी वाट पाहत होते की आता कोण विचारते. टाळवालीचा तर स्वभावच नाही गप्प बसायचा. गाडी सुरू झाली, तशी ती उठली, खिडकीपाशी बसायला नेहमी भांडते ती, आणि त्या चिठ्ठीवालीला म्हणाली, “तू बस वो इथं, हवा लागते.” मग स्वतः मधल्या अडचणीच्या जागेत अंग चोरून बसली आणि मोठ्या आवाजात मला विचारलं, “मॅडम, औंदा तुरीले काय भाव भेटन?”

मला तुरीतलं काही कळत नाही. पण मी बोलले. मग सगळ्याच बोलू लागल्या. गाव येईपर्यंत आम्ही तुरीवरच होतो.